नऊ ग्रॅमचं वाक्य

त्या सोमवारी सकाळी माझ्या वडिलांनी दूधवाल्याचे आभार मानले, आणि घरात काहीतरी भयंकर बिघडलंय हे माझ्या लक्षात आलं.

अण्णांनी आयुष्यात कुणाचे आभार मानले नव्हते. विश्वनाथ बुगड म्हणजे इचलकरंजीच्या यंत्रमागांवर पस्तीस वर्षं काढलेला माणूस. मागांच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे साधं "जेवलास का" हेसुद्धा ओरडून आणि वर एखादी शिवी घालून. दूध पातळ आलं की दूधवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. आणि आज खिडकीशेजारच्या खुर्चीतून, गळ्याला बांधलेल्या पट्ट्यातून, त्यांचाच आवाज म्हणत होता, "धन्यवाद. तुमचं दूध छान असतं. तुमचा दिवस चांगला जावो."

दूधवाला माप हातात धरून तसाच उभा राहिला. मीही. अण्णा मात्र खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांचा चांगला असलेला डावा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळलेला होता.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डोकं मात्र जसंच्या तसं. मनात वाक्य पूर्ण असायचं, तोंडातून नुसता घरघर आवाज यायचा. बोलता येत नाही याचा संताप जिभेवर आणता येत नाही, यासारखी शिक्षा नाही. म्हणून आम्ही 'बोलका' आणला.

बोलकाचं काम समजायला सोपं आहे. गळ्याच्या पट्ट्यातले संवेदक जबड्याची, घशाची, श्वासाची बारीक हालचाल टिपतात आणि दूरच्या संगणक-केंद्राकडे पाठवतात. अशा एका हालचालीतून शेकडो वाक्यं निघू शकतात. तिथला प्रोग्राम ती सगळी बांधून बघतो, अण्णांच्या जुन्या ध्वनिफितींशी, मघाशी चाललेल्या विषयाशी ताडून बघतो, आणि त्यातली तीन समोरच्या पडद्यावर दाखवतो. अण्णा डावं बोट उचलून एक निवडणार, नाहीतर बोट आडवं हलवून तिन्ही फेटाळणार. फेटाळली की पुन्हा पहिल्यापासून. एका वाक्याला चाळीस सेकंद लागायचे, कधी दोन मिनिटं. पण बाहेर पडायचं ते त्यांचं असायचं, शिव्यांसकट.

पुण्याच्या नोकरीमुळे मी दीड महिन्यानं घरी आले होते. फोनवर रोज बोलायचे. "मी मजेत आहे, तू काळजी करू नकोस," असं ते पटकन म्हणायचे आणि मला वाटायचं, चला, अण्णा निवळले. इतका मूर्खपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

मी अन्वरला फोन लावला. अन्वर मोमीन हा बोलका बनवणाऱ्या चमूचा प्रमुख, आणि आमच्याच गल्लीतला. त्याचे अब्बा आणि अण्णा एकाच शेडमध्ये माग चालवायचे.

"अन्वर, अण्णांच्या पट्ट्यात काय बिघडलंय?"

"बिघडलं न्हाई ताई," तो अडखळत म्हणाला. "आमी अंदाज-पद्धत चालू केलीया. दीड म्हैना झाला. केली नसती तर कार्बनची तपकिरी पट्टी आली असती, आणि तपकिरीला केंद्राची वीज मिळत न्हाई. सगळंच बंद पडलं असतं. चार हजार पेशंट हाईत आपले."

"तपकिरी कशी काय? हे दवाखान्याचं सॉफ्टवेअर आहे. कुठल्या शहाण्यानं याची मोजणी केली?"



"एकक तुमचंच हाय की, ताई," अन्वर म्हणाला.

आता माझं काम सांगायला हवं. मी कार्बन-मोजणीदार आहे. सॉफ्टवेअर धूर सोडत नाही, पण ते ज्या यंत्रांवर चालतं ती वीज खातात, आणि ती वीज कुठेतरी कोळसा जाळून येते. म्हणून सहा वर्षांपूर्वी कायदा झाला. प्रत्येक सार्वजनिक सॉफ्टवेअरला कार्बनपट्टी लागते, मर्यादेत असेल तर हिरवी, नाहीतर तपकिरी. किती वीज लागली, त्या तासाला ती वीज किती मळकी होती, आणि यंत्रं बनवतानाच जो कार्बन हवेत गेला त्यातला वाटा किती, या सगळ्याची बेरीज करायची. इथवर सगळं शास्त्र आहे, त्यात भांडायला जागा नाही. मग त्या बेरजेला कामानं भागायचं. म्हणजे एका कामामागे किती ग्रॅम. आणि 'एक काम' म्हणजे काय, हे कुठल्याही मीटरवर दिसत नाही. ते कुणीतरी माणूस बसून ठरवतो. त्याला आम्ही एकक म्हणतो.

तीन वर्षांपूर्वी बोलणाऱ्या सगळ्या सॉफ्टवेअरसाठी एकक लिहायचं काम माझ्याकडे आलं. रेल्वेची चौकशी, बँकेचा आवाज, दुभाषी, सगळे एकाच यादीत. मी एका दुपारी लिहून टाकलं: एक वाक्य म्हणजे एक काम. मोजायला सोपं, भांडण नको. मर्यादा पडली वाक्याला एक ग्रॅम, आणि त्या आत यायला तीन वर्षांची सवलत, ती दीड महिन्यापूर्वी संपली. बोलका त्या यादीत होता हे मी वाचून विसरूनही गेले होते, कारण तेव्हा अण्णा धडधाकट होते आणि तो माझ्या लेखी यादीतला सदतिसावा आकडा होता.

बोलकाचं एक वाक्य नऊ ग्रॅमचं होतं. ते एक ग्रॅमच्या आत आणायला अन्वरच्या वरच्या साहेबांनी साधी युक्ती केली. शेकडो वाक्यं बांधायची नाहीत, विचारायचं तर मुळीच नाही. हालचाल आली की सर्वात संभवनीय वाक्य थेट बोलून मोकळं व्हायचं. सत्तरीच्या आजारी म्हाताऱ्याचं सर्वात संभवनीय वाक्य कोणतं? पाणी द्या. बरा आहे. धन्यवाद. वीज कमी, वाक्यं जास्त. भागाकार झाला शून्य पूर्णांक सहा ग्रॅम. पट्टी हिरवीगार.

फोन ठेवल्यावर मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. लाज वाटत होती, आणि ती नुसती मुलगी म्हणून नव्हती. मी मागवाल्याची मुलगी आहे. अण्णांनी ऐन तारुण्यात दोन महिने संप केला होता तो नेमका याच गोष्टीवर. मालक मीटरवर काम मोजायचे. पण मीटर मीटरमध्ये फरक असतो. विरळ कापडात इंचाला चाळीस आडवे धागे, दाट कापडात ऐंशी. दाट कापडाचा मीटर निघायला दुप्पट वेळ मागापाशी उभं राहावं लागतं. अण्णांचं म्हणणं होतं, मीटर मोजू नका, पीक मोजा. पीक म्हणजे आडव्या धाग्याचा एक फेरा. धोटा जितक्या वेळा इकडून तिकडे गेला, तितकं काम झालं. ही गोष्ट मी लहानपणी जेवताना शंभरदा ऐकली होती. आणि त्याच घरातली मी, सरकारी खुर्चीत बसल्यावर, मीटर मोजून मोकळी झाले.

मी आईला सगळं समजावून सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग? ऱ्हाऊ दे की तसंच."

"आई, ते अण्णा बोलत नाहीयेत गं. यंत्र बोलतंय."

"कळतंय मला. खुळी न्हाई मी." तिनं भाकरी तव्यात टाकली. "चाळीस वर्सं संसार केला. ह्यांच्या तोंडातनं एक बरा शब्द ऐकला न्हाई. आता रोज सकाळी म्हंतात, शालन, चहा छान झालाय. यंत्र म्हंतंय, म्हणू दे. मी ऐकून घेतोय तर तुझं काय जातंय?"

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दलही 'ऐकतोय', 'जातोय' म्हणतात. त्यात एक हिसका असतो, आणि तो हिसका मला चांगलाच बसला.

तरी मोजणी करायची होतीच. नवीन मोजणी मांडायची तर पुरावा लागतो. अन्वरनं शेवटच्या अकरा दिवसांतली सगळी वाक्यं पाठवली. अकराशे चाळीस. मी अण्णांसमोर बसले आणि म्हणाले, "अण्णा, मी एकेक वाक्य वाचते. तुम्हाला म्हणायचं होतं ते असेल तर बोट वर करा, नसेल तर आडवं. यंत्राला काही विचारायचं नाही."

अण्णांनी स्वतःच्या हातानं गळ्याचा पट्टा सोडून बाजूला ठेवला. झटक्यानंतर पहिल्यांदाच ते हसले, अर्ध्या तोंडानं.

दोन दिवस लागले. "मी मजेत आहे." आडवं. "आज हवा छान आहे." आडवं. "पाणी द्या." वर. "आपला आभारी आहे." आडवं, आणि घशातून एक आवाज, त्याचा अर्थ मला यंत्राशिवायही कळला. "पाठ दुखतेय, कूस बदला." वर. "सरकारनं चांगली सोय केली आहे." यावर ते इतके हसले की ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई शेंगा फोडत आमच्याजवळ येऊन बसली. मी यादीत पुढचं वाक्य पाहिलं आणि तसंच गाळून पुढे जाणार होते. तिनं ओळखलं.

"वाच," ती म्हणाली.

"शालन, चहा छान झालाय," मी वाचलं.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मला उठून जावंसं वाटलं. खोटं बोट उचलणं किती सोपं होतं. कुणाचं काही गेलं नसतं. मग त्यांनी बोट आडवं हलवलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

आईनं शेंगांचं सूप खाली ठेवलं. "ठावं होतं मला," ती म्हणाली. "लिही. न्हाई म्हणून लिही." मग अण्णांच्या तोंडावरचं पाणी पदरानं पुसत म्हणाली, "रडताय कशाला? खोटं बोलला न्हाईसा ह्येच लई झालं."

अकराशे चाळीसपैकी अण्णांची स्वतःची वाक्यं निघाली तेवीस.

आता हिशेब शाळकरी आहे. अकराशे चाळीस वाक्यांना प्रत्येकी शून्य पूर्णांक सहा ग्रॅम, म्हणजे सहाशे चौऱ्याऐंशी ग्रॅम कार्बन. त्यातून अण्णा बोलले तेवीस वाक्यं. म्हणजे अण्णांच्या एका खऱ्या वाक्याला जवळजवळ तीस ग्रॅम. जुनी पद्धत नऊ ग्रॅममध्ये तेच काम करत होती. हिरवी पट्टी लावलेलं यंत्र तिपटीनं जास्त कार्बन सोडत होतं, आणि बदल्यात एका माणसाचं तोंड बळकावून बसलं होतं.

कार्बनपट्ट्या देणाऱ्या मंडळासमोर सुनावणी लागली, पुण्यात. अध्यक्ष होते सबनीस सर. मला मोजणी शिकवली ती त्यांनीच. वाईट माणूस नाही. त्यांच्या आग्रहामुळे गेल्या सहा वर्षांत राज्याच्या संगणक-केंद्रांची कोळशाची वीज निम्म्यावर आली, हे मी कुणापुढेही सांगेन.

अण्णा चाकाच्या खुर्चीत, शेजारी आई, मागे अन्वर. मी माझे आकडे मांडले आणि नवं एकक सुचवलं: बोलणाऱ्यानं आपलं म्हणून मान्य केलेलं एक वाक्य.

सर चष्मा पुसत म्हणाले, "केतकी, तुझा भागाकार बरोबर आहे. पण माणसाच्या मान्यतेवर मोजणी टांगली की संपलंच. उद्या प्रत्येक कंपनी म्हणेल, आमचं गिऱ्हाईक खूश आहे, आम्हाला सूट द्या. वाक्य मोजता येतं. मन मोजता येत नाही. बाहेर उन्हाळा बघतेस ना?"

"बघते, सर. म्हणूनच सांगतेय, तीस ग्रॅम जळतायत."

"तुझ्या वडिलांच्या बाबतीत. एका माणसाच्या." ते अण्णांकडे वळले आणि अगदी आदरानं म्हणाले, "बुगडसाहेब, तुम्हालाच विचारतो. सध्याच्या सेवेबद्दल तुमची काही तक्रार आहे का?"

अण्णांचा जबडा हलला. पट्ट्यातून लगेच आवाज आला, गोड आणि स्पष्ट. "नाही साहेब, माझी काही तक्रार नाही. आपण विचारलंत, आभारी आहे."

सभागृहात दोघंतिघं हसले. सर लेखनिकाला म्हणाले, "नोंद घ्या."

अण्णांनी डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. पट्टा म्हणाला, "मी समाधानी आहे." त्यांनी पुन्हा आपटला. "आपण सगळे चांगलं काम करता आहात." त्यांच्या कपाळाची शीर फुगली, मान थरथरायला लागली, आणि जितकं ते जोर लावत होते तितकं यंत्र जास्त गोड होत होतं. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकं घाणेरडं दृश्य पाहिलेलं नाही. मी उठणार तोच त्यांनी पट्ट्यात बोटं घातली आणि तो खसकन ओढून काढला. गळ्यावर लाल वळ उठला.

मग त्यांनी तोंड उघडलं. वाकडं तोंड, ओठांच्या कडेनं लाळ. घरघर. पुन्हा घरघर. आणि त्यातून, दोन वर्षांत पहिल्यांदा, तुटक तुटक एक शब्द.

"न्... हाई."

कुणी हसलं नाही.

सर थकलेल्या आवाजात म्हणाले, "म्हणजे त्यांना हे यंत्रच नको आहे, असं समजायचं का?"

"न्हाई!" या वेळी आई ओरडली. तीही मागांच्या गल्लीत राहिलेली बाई आहे. "यंत्र पायजे. आमचं यंत्र पायजे. ह्यांना इचारून बोलणारं. अन्वर, लाव रं ते जुनं!"

अन्वर माझ्याकडे बघायला लागला. तपकिरी पद्धत मंडळाच्या इमारतीत चालू करणं म्हणजे नोकरीवर पाणी. "ताई," तो हळूच म्हणाला, "अब्बांना काय सांगू?"

"मी सांगते त्यांना," मी म्हणाले.

त्यानं मांडीवरच्या संगणकावर चार कळा दाबल्या आणि पट्टा अण्णांच्या गळ्याला पुन्हा बांधला, वळाच्या वरच्या बाजूला, हलक्या हातानं. मी समोर पडदा धरला.

पहिली तीन वाक्यं आली. अण्णांनी बोट आडवं हलवलं. दुसरी तीन. आडवं. लेखनिकानं घड्याळाकडे पाहिलं. सर म्हणाले, "प्रत्येकाला तीन मिनिटांची मुदत आहे." अण्णांनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की पुढे मुदतीचा विषय निघाला नाही. आडवं. आडवं. पाचव्या मिनिटाला एक वाक्य जवळ आलं होतं, मला वाटलं हेच, पण त्यांनी तेही फेटाळलं. घाम कानामागून ओघळत होता. अकरा वेळा. बारा वेळा. यंत्र दर खेपेला सगळं मोडून पुन्हा बांधत होतं आणि दूर कुठेतरी त्याची वीज जळत होती, हे मला दिसत होतं आणि त्या क्षणी मला तिचं काडीइतकं वाईट वाटत नव्हतं.

तेराव्या वेळी अण्णांनी बोट वर केलं. पट्ट्यातून त्यांचा खरा आवाज आला, मागांवरून ओरडल्यासारखा.

"माझं न्हाई बी मोजा!"

सर पडद्याकडे बघत राहिले. बारा फेटाळलेल्या खेपा आणि तेराव्या खेपेचं एक वाक्य. धोट्याचा प्रत्येक फेरा. इतके दिवस मी भागाकार घेऊन हिंडत होते, आणि माझ्या बापानं चार शब्दांत मला माझा विषय शिकवला. ज्या यंत्राला नाही म्हणता येत नाही, ते काम करतच नाही. ते नुसतं बोलतं.

"केतकी," सर शेवटी म्हणाले, "मंडळ नवं एकक आज मंजूर करू शकत नाही. समिती नेमावी लागेल, वर्ष जाईल. जुनं एकक तोवर चालू राहील."

"मी ते मागे घेतलं तर?"

नियम आम्हा दोघांना पाठ होता. एकक लिहिणाऱ्या मोजणीदाराला ते मागे घेता येतं. त्या दिवशी त्या यादीतल्या सगळ्या पट्ट्या गळून पडतात, फेरमोजणी होईपर्यंत कुणाची वीज तोडता येत नाही. आणि चुकीचं एकक दिल्याबद्दल मोजणीदाराचा परवाना जातो, कायमचा.

"अकरा वर्षं झाली तुला या कामाला," सर हळू आवाजात म्हणाले. "तुझ्याइतका चांगला मोजणीदार माझ्याकडे दुसरा नाही. विचार कर."

"फॉर्म द्या, सर."

त्यांनी लेखनिकाकडून फॉर्म घेतला आणि स्वतः उठून माझ्यासमोर आणून ठेवला. नाव, परवाना क्रमांक, एककाची तारीख, सगळं भराभर लिहिलं. आईनं कागद हलू नये म्हणून कोपरा बोटानं दाबून धरला. शेवटचा रकाना होता, 'एकक मागे घेण्याचं कारण, एका ओळीत.'

मी लिहिलं, "ज्याचं काम मोजलं, त्याला विचारलं नव्हतं," आणि खाली सही केली.